आठ, चार, दोन, एक

"पद्मे, हलू नकोस! हलू नकोस म्हणतो ना!"

रेहाना खालून ओरडत होती. मी तिच्या खांद्यांवर दोन्ही हात पसरून उभी होते. मी डावीकडे कलले, म्हणून उजवीकडे सावरले, ते जरा जास्त झालं म्हणून परत डावीकडे, आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही दोघी शाळेच्या मैदानातल्या वाळूत पडलो. रेहानाच्या मानेवर माझ्या नखाचा लांब ओरखडा उठला होता.

"रक्त येतंय?" तिनं विचारलं.

"थोडंसं."

"मग परत चढ."

आमच्या इचलकरंजीकडे बऱ्याच मुली 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. रेहाना मोमीनच्या तोंडी ते शोभायचंही. तिचे वडील यंत्रमागावर विणकर होते. घरातली सुताची बाचकी उचलून उचलून नववीतच तिचे खांदे चांगले भरले होते. मी अगदी उलटी. वजन एकतीस किलो. वर्गाच्या फोटोत मी कुठे आहे ते आईलासुद्धा बोट ठेवून दाखवावं लागायचं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांच्या उद्घाटनाला मानवी मनोरा करण्याचा मान पहिल्यांदाच मुलींच्या शाळेला, म्हणजे आमच्या शाळेला मिळाला होता. आमच्या खेळाच्या घाटगे बाई त्यासाठी चार ठिकाणी भांडून आल्या होत्या. चार थर करायचे होते. तळात आठ मुली गोल उभ्या, त्यांच्या खांद्यांवर चार, त्यांच्यावर दोन, आणि सगळ्यात वर एक. त्या एकीला आम्ही शेंडा म्हणायचो. पंधरा जागांसाठी चाळीसएक मुलींनी नावं दिली होती. निवड पुढच्या शनिवारी होती आणि शेंड्यासाठी दोनच नावं उरली होती, मी आणि अर्चना शहापुरे. अर्चना विहिरीत कठड्यावरून सूर मारणारी मुलगी. तिला भीती म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मला चांगलं ठाऊक होतं. पण मला वर जायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. फोटोत बोट न ठेवता दिसायचं होतं, एवढंच असेल.

म्हणून शाळा सुटल्यावर मी आणि रेहाना मागं थांबून सराव करत होतो.

मी चौथ्यांदा पडले तेव्हा मागून आवाज आला, "पोरी, तू वर काय करतीस?"

अंबूमावशी होती. आमच्या शाळेची शिपाईण. नेसायला नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, बुटकी, रुंद. नवरा याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागेवर लागली होती. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या घेऊन ती उभी होती.

"तोल सांभाळते मावशी," मी म्हणाले.

"तुला कुणी सांगितलं सांभाळायला?"

"मग पडेन ना!"

"सांभाळतीस म्हणून पडतीस." तिनं बादल्या खाली ठेवल्या. "वरचीनं तोल सांभाळायचा नसतो. त्ये खालचीचं काम. वरचीनं काठी व्हायचं. काठी कधी स्वतः हलती का?"

रेहाना हसली. "मावशी, तुम्हाला काय माहीत?"

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. मैदानात कुणी नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला, आमच्याकडे पाठ केली, उकिडवी बसली आणि दोन्ही हात खांद्यांवरून मागं वर केले.

"चढ."

"तुमच्यावर?"

"मग काय त्या झाडावर? चपला काढ. पाय मानंजवळ ठेव, खांद्याच्या टोकाला न्हाई."

मी तिचे हात धरून चढले. वाटलं, एखाद्या दगडी जोत्यावर पाय ठेवलाय. आणि मग ती उठली. धक्का नाही, हिसका नाही, कुंथणं नाही. विहिरीचं पाणी रात्रीतून वर यावं तशी मी वर आले. तिनं माझे हात सोडले आणि पोटऱ्या धरल्या.

"आता काय करायचं न्हाई. समोर बघ आणि ऱ्हा."

मी जराशी डावीकडे कलले. मी सवयीनं उजवीकडे झुकू गेले.

"ऱ्हा!"

मी राहिले. आणि खाली काहीतरी अगदी बारीक सरकलं. तिचं पाऊल, तिची कंबर, कोण जाणे काय. मी सरळ झाले. मी काहीच केलं नव्हतं.

मग ती चालायला लागली. मला खांद्यांवर उभी घेऊन वडाच्या झाडापर्यंत गेली, तिथून वळली, मैदानालगतच्या उघड्या रंगमंचाच्या सहा पायऱ्या एकेक करत चढली, परत उतरली. मध्येच म्हणाली, "डोळं मीट." मी मिटले. अंधारात मला फक्त तळपायांना लागलेली तिची मान जाणवत होती, ऊबदार आणि निश्चल.

तिनं मला उतरवलं तेव्हा रेहाना वाळूत फतकल मारून बसली होती. हसत नव्हती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "कोण आहात तुम्ही?"

मावशीनं पदर सोडून झटकला. "सर्कशीत हुते. माझा बा तंबूत आचारी हुता, मी खेळात." तिनं बादल्या उचलल्या. "कुणाला बोलायचं न्हाई. शपथ घ्या दोघी. सर्कशीतली बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत काय येतं ते मला ठावं हाय."

आम्ही शपथ घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला, शाळा भरायच्या आत, ती आम्हाला शिकवू लागली. मला शिकवण्यासारखं थोडंच होतं. काठी हो, श्वास पोटात घे, दूर कुठंतरी एका ठिकाणी बघ. रेहानाला मात्र तिनं पिळून काढलं. टाचा कशा रोवायच्या, गुडघे ताठ पण कुलूप लावल्यासारखे नाहीत, वजन कण्यातून खाली जमिनीत कसं सोडायचं. "अंगावर धरू नगंस," ती म्हणायची. "धरलंस तर चिरडशील. खाली जाऊ दे. जमीन घेती."

पाचव्या दिवशी मी रेहानाच्या खांद्यांवर पन्नास आकडे उभी राहिले. रेहाना खाली गाणं गुणगुणत होती.

आणि बुधवारी सगळं कोसळलं.

घाटगे बाईंनी पहिल्यांदा चारही थर लावले होते. वर अर्चना. बाईंनी मनोरा दहा दिवसांच्या शिबिरात आणि एका पुस्तकातल्या चित्रांवरून शिकला होता. त्यांनी मुली उंचीप्रमाणे लावल्या होत्या. अर्चना ताठ उभी राहिली, टाळ्या पडायला लागल्या, तेवढ्यात दुसऱ्या थरातल्या एकीचा पाय खांद्यावरून घसरला आणि बघता बघता पंधरा मुलींचा ढीग झाला. बाकी सगळ्या धूळ झटकत उठल्या. सुनंदा कोष्टी मात्र मनगट धरून रडत बसली. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पण मुख्याध्यापिका नेर्लेकर बाई व्हरांड्यातून बघत होत्या.

अर्ध्या तासानं घाटगे बाई त्यांच्या खोलीत उभ्या होत्या आणि आम्ही सात-आठ जणी दाराबाहेर.

"उद्यापासून मनोरा बंद," नेर्लेकर बाईंचा आवाज आला. "लेझीम बसवा. मुलींना ते शोभतंही."

"बाई, अजून दोन आठवडे आहेत. मी..."

"आज मनगट होतं. उद्या मान असेल. तिच्या आईवडिलांना तुम्ही तोंड देणार आहात का?"

दाराच्या फटीतून मला घाटगे बाईंचे हात दिसत होते. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

तेवढ्यात अंबूमावशी चहाचे कप घेऊन आमच्यातून वाट काढत आत गेली. तिनं कप टेबलावर ठेवले. आणि तिथेच उभी राहिली.

"मोठ्या बाई, एक सांगू?"

"काय अंबूबाई?"

"मनोरा पोरींमुळं न्हाई पडला. आणि ह्या बाईंमुळं बी न्हाई. लावणी चुकली. उंच पोरी तळाला ठेवल्या. तळाला उंची लागत न्हाई, बूड लागतं."

नेर्लेकर बाईंनी चष्मा काढला. "आणि हे तुम्हाला कसं समजलं?"

मावशीनं वळून दाराकडे पाहिलं. मी आणि रेहानानं मान हलवली, आम्ही काही बोललो नाही म्हणून. तिला ते विचारायचं नव्हतंच बहुतेक. तिनं परत समोर पाहिलं.

"माझं पोट हुतं त्याच्यावर. सर्कशीत."

नेर्लेकर बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"तुमच्या अर्जात," नेर्लेकर बाई सावकाश म्हणाल्या, "पूर्वीचं काम म्हणून घरकाम लिहिलेलं होतं. मला आठवतंय."

"व्हय. खरं लिवलं असतं तर तुमी ठेवलं असतं का?"

इतकी वर्षं झाली, मी स्वतः आज एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, पण त्या प्रश्नावर नेर्लेकर बाई गप्प राहिल्या तेवढ्या प्रामाणिकपणे गप्प राहिलेलं माणूस मी परत पाहिलं नाही. मग त्या उठल्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मधली सुट्टी होती. कसं कळलं कोण जाणे, पण आम्ही मैदानात पोचेपर्यंत सगळी शाळा व्हरांड्यांत दाटली होती. मावशीनं रंगमंचावर एक टेबल ठेवायला सांगितलं. स्वतः खाली रंगमंचाला पाठ लावून उभी राहिली. चपला काढल्या, पायांनी वाळू बाजूला सारून घट्ट जमीन मोकळी केली आणि दोन्ही तळपाय तिच्यावर नीट टेकवले.

"रेहाना, तू ये. मग पद्मा."

"दोघी?" घाटगे बाई पुढं झाल्या. "अहो मावशी, तुमचं वय..."

"बाई, तुमी नुसतं बाजूला उभ्या ऱ्हावा."

रेहाना रंगमंचावरून तिच्या खांद्यांवर उभी राहिली. मी टेबलावरून रेहानाच्या. मावशीचा आवाज खूप खालून आला. "पद्मा, काय?"

"काठी," मी म्हणाले.

"रेहाना?"

"खाली जाऊ देतो. जमीन घेते."

आणि ती रंगमंचापासून सुटून निघाली. पन्नाशीची बाई, खांद्यांवर दोघी उभ्या, एकीवर एक. पहिलं पाऊल. दुसरं. मी वडाच्या एका पानाकडे बघत होते. व्हरांड्यातल्या पाचशे मुलींपैकी एकही बोलत नव्हती. भर दुपारी शाळेत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लांबचे माग तेवढे ऐकू येत होते. सात पावलं गेली, ती थांबली, सात पावलं मागे आली आणि तिची पाठ रंगमंचाला अलगद लागली.

उतरल्यावर मी पाहिलं, तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, पण श्वास नेहमीसारखा चालला होता. नेर्लेकर बाई मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या केव्हा उठून उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं.

"शनिवारी निवड होईल," त्या घाटगे बाईंना म्हणाल्या. खुर्ची मागं सारून पुढं म्हणाल्या, "तळाला कोण उभं राहील ते अंबूबाई सांगतील."

दुसऱ्या दिवशी मावशीनं चाळीस मुली एका ओळीत उभ्या केल्या आणि एकेकीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून हळूहळू दाब देत गेली. डोळे मिटून. जणू भांडं तडकलेलं आहे का ते बघत होती. तिनं निवडलेल्या आठजणींत अशा मुली होत्या ज्यांना आम्ही कबड्डीतसुद्धा शेवटी घ्यायचो. ज्या शकुंतला पाटीलला सगळे चिडवायचे तिच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, "ही बघा. हिच्यावर देऊळ बांधा." शकुंतला दिवसभर नुसती हसत होती. रेहाना तिच्या शेजारी तळातच.

घाटगे बाई वही घेऊन मावशीच्या मागोमाग फिरत होत्या आणि ती सांगेल ते लिहून घेत होत्या.

शनिवारी सकाळी आधी अर्चनाची पाळी होती. थर चढले. दुसरा उठला, तिसरा उठला आणि अर्चना वर ताठ उभी राहिली. नियम असा होता की बाई दहा आकडे मोजणार. सातव्या आकड्याला अर्चनानं व्हरांड्यातल्या मैत्रिणींकडे बघून हात हलवला. मनोरा खालपर्यंत शहारला. पडला नाही, पण तिसऱ्या थरातल्या दोघींचे चेहरे पांढरे झाले.

मग मी.

पाय ठेवत गेले. शकुंतलाचा खांदा. दुसरा थर. तिसरा. वर पोचून उकिडवी बसले, एक पाय एकीच्या खांद्यावर, दुसरा दुसरीच्या. खालून बाईंचा आवाज आला, "दुसरा थर, उठा!" आणि मी वर गेले. "तिसरा, उठा!" आणखी वर. "शेंडा!"

मी उठले.

शाळेच्या कौलांच्या पलीकडे गाव होतं. मागांच्या शेडची पत्र्यांची छपरं रांगेनं लांबवर, पाण्याची टाकी, गच्च्यांवर वाळत टाकलेलं रंगीत सूत, आणि त्याच्याही पलीकडे नदीकडची उसाची हिरवी पट्टी. मी त्या पट्टीवर नजर ठेवली. पायाखाली चौदा जणी श्वास घेत होत्या. एकीचा नाही, सगळ्यांचा मिळून एक श्वास वर येत होता, खाली जात होता. मी त्याच्यावर उभी होते आणि काहीच करत नव्हते. भीती कुठं गेली ते मला कळलं नाही. मी तिला शोधलंही नाही.

"दहा!"

खाली आले तेव्हा टाळ्यांचा कल्लोळ होता. घाटगे बाईंनी मला उचलून एक गिरकी घेतली, त्यातच मला निकाल कळला. अर्चनानं माझा हात दाबला आणि म्हणाली, "मी वर हात हलवायला नको होता गं." मी मावशीला शोधत होते. ती मैदानात नव्हती.

ती मागे पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसलेली सापडली. पदराचं टोक तोंडात होतं.

"मावशी! काय झालं? चुकलं का माझं काही?"

तिनं मान हलवली.

"मग?"

"सोळा वर्सं मी तळाला हुते," ती म्हणाली. "त्येच्या आधी लहान हुते तवा वरती, तर डोळं मिटून. तळाला आल्यावर वर बघायचं नसतं. मान हलली की समदं गेलं. खेळाला लोक टाळ्या वाजवायची. बाया आगंबाई म्हणायच्या, पोरं शिट्ट्या मारायची. मी समोरच्या पडद्यावरच्या ठिगळाकडं बघत उभी असायची. रोज दोन खेळ. सोळा वर्सं."

तिनं मैदानाकडे बोट केलं.

"एकदाबी उभा मनोरा बघितला नव्हता पोरी. आज पयल्यांदा बघितला. आसा दिसतो व्हय गं त्यो?"

मी तशीच पळत मैदानात गेले. मुली पांगायला लागल्या होत्या. मी घाटगे बाईंना एका दमात सगळं सांगितलं. जवळ रेहाना उभी होती, शकुंतला होती, त्यांनी ऐकलं, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. बाईंना शिट्टी वाजवावी लागलीच नाही. आठ जणी आपसूक गोल करून एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून उभ्या राहिल्या.

मी मावशीला हाताला धरून आणलं आणि वर चढायला निघाले. तिनं माझं मनगट सोडलं नाही.

"तू थांब हितं," ती म्हणाली. "तू तरी कुठं नीट बघितलायस?"

खरंच होतं. अर्चनाच्या पाळीला मी नुसती तिचे पाय बघत आणि आकडे मोजत होते. मी अर्चनाकडे पाहिलं. ती केव्हाच चपला काढून उभी होती.

चार चढल्या. दोन चढल्या. अर्चना चढली. मग बाईंच्या आवाजासरशी एकेक थर उलगडत गेला, आणि आमच्या त्याच धुळकट मैदानात, जिथं आम्ही रोज डबे खायचो, आभाळात काहीतरी उभं राहिलं. ते पंधरा मुलींचं होतं हे मला माहीत होतं. त्यांची नावं, त्यांचे हजेरीचे नंबर मला माहीत होते. तरी ते त्यांचं वाटत नव्हतं. अर्चना यावेळी हलली नाही. तिच्या डोक्यावर आभाळ निळंभोर होतं.

सगळी शाळा वर बघत होती. मावशी वर बघत नव्हती. ती आधी तळाच्या आठजणींकडे बघत होती, एकेकीच्या टाचेकडे, गुडघ्याकडे, ताठ मानेकडे. तिथून तिची नजर सावकाश वर चढत गेली, जशी आम्ही चढायचो तशी, एकेक थर, कुठंही घाई न करता. शेंड्याशी पोचली तेव्हा तिनं माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

बाई मोजत होत्या. आठ. नऊ. दहा.

आणि मग घाटगे बाईंनी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि 'उतरा' म्हणायच्या ऐवजी अगदी हळू आवाजात मोजणं पुढं चालू ठेवलं. अकरा. बारा. तळातून रेहानाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.